रिकामा भूखंड

अर्ज नामंजूर झाल्याचा मेसेज माझ्या फोनवर आला, कारण अर्ज मीच भरला होता. सासूबाई तेव्हा इस्त्री करत होत्या. आमचा धंदाच तो. पुढच्या खोलीत दोन टेबलं, दोन इस्त्र्या, आणि विजेचं बिल असं की ते पाकीट सासरे स्वतः कधी उघडत नसत. म्हणून छतावर सोलर बसवलं. खर्चाचा तिसरा हिस्सा राज्य सरकार परत देणार, असं योजनेच्या पत्रकात छापलं होतं. त्या भरवशावर सासूबाईंनी बँकेतून कर्ज काढलं.

"काय म्हणतायत?" त्यांनी विचारलं.

मी वाचून दाखवलं. "प्रत्यक्ष पाहणी केली. जागेवर घर आढळले नाही. रिकामा भूखंड."

इस्त्री हवेतच थांबली. "पाहणी केली कुणी?"

"निरीक्षकांनी. एकवीस तारखेला, सकाळी अकरा वाजता."

एकवीस तारखेला हॉटेलच्या अडीचशे चादरी आल्या होत्या. आम्ही तिघंही सकाळपासून टेबलापाशी होतो. दारात मांजरसुद्धा फिरकलं नव्हतं. सासूबाईंनी इस्त्री उभी केली, बटण बंद केलं. फार चिडल्या की त्या सावकाश बोलतात. "म्हणजे हा माणूस आलाच नाही. आणि लिहून मोकळा झाला."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कचेरीत गेलो. कारकून स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "मावशी, नकाशात तुमचा प्लॉट रिकामाच दिसतोय."

"नकाशा कधीचा?"

"असेल आठ-नऊ वर्षांपूर्वीचा."

"घर सात वर्षांचं आहे. याच इमारतीत खालच्या मजल्यावर मी घरपट्टी भरते. तिथं माझं घर आहे, आणि दोन जिने चढून वर आलं की नाही?"

"फेरतपासणीचा अर्ज द्या. तीन महिने लागतील."

"योजना तर एकतीसला बंद होतेय," मी म्हटलं.

"मग पुढची योजना आली की बघा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासूबाईंनी मात्र एवढंच विचारलं, "निरीक्षक कुठं बसतात?" कारकुनाची नजर नकळत खिडकीकडे वळली. तिथं एक गृहस्थ पेपर वाचत चहा पीत होते. सासूबाई त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "चला, घर दाखवते."

"मावशी, असं नसतं. नियम असतात."

"मग थांबते."

आणि थांबल्या. चार तास. येणाऱ्या प्रत्येकाला मोठ्यानं विचारायच्या, "तुमच्याकडे हे आले होते का हो पाहणीला?" आमच्या मागच्या गल्लीतले निवृत्त मास्तर त्याच कामाला आले होते. त्यांच्या कागदावरही तेच शब्द होते, तीच तारीख, तीच अकराची वेळ. शेवटी आतल्या केबिनमधून मोठे साहेब वैतागून बाहेर आले. "अहो, जाऊन या एकदा. मिटवा हे."

निरीक्षक स्कूटरवरून आमच्या मागोमाग आले. छतावर जायला आमच्याकडे जिना नाही, मागच्या अंगणात लोखंडी शिडी आहे. ते चढले, आठही पॅनेलचे फोटो काढले आणि वरूनच म्हणाले, "ठीक आहे. आठवडाभरात पाठवतो अहवाल."

सासूबाईंनी शिडी बाजूला ओढली आणि भिंतीला आडवी टेकवली.

"अगं, हे काय करतेस?" सासरे मागच्या दारातून धावत आले.

"घर नाहीच म्हटल्यावर साहेब उभे कशावर आहेत, तेवढं लिहू देत. फोनवरून जातो ना अहवाल? आत्ता लिहा."

"मी पोलिसांना बोलावीन!"

"बोलवा ना. पत्ता काय सांगाल?"

भर दुपारची वेळ, छत तापलेलं. निरीक्षक एकदा या कडेला आले, एकदा त्या. दातओठ खाऊन झाले. मग पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून त्यांनी लिहायला घेतलं. वीस मिनिटांनी माझ्या फोनवर मेसेज आला: घर आढळले, पाहणी पूर्ण, अर्ज मंजुरीसाठी पुढे.

"आता मास्तरांचं," सासूबाई खालून म्हणाल्या. "तिथून दिसतंय त्यांचं छत."

"त्यांची फाइल बंद झालीय. ती उघडणं माझ्या हातात नाही हो, खरंच." त्यांचा चेहरा घामानं डबडबला होता. मी शिडी लावली.

पैसे सात आठवड्यांनी जमा झाले. निरीक्षकांना दुसऱ्या विभागात टेबल मिळालं, शिक्षा म्हणून नाही, नेहमीची बदली. मास्तरांना काहीच मिळालं नाही. पेन्शनचे साठवलेले पैसे त्यांनी छतावर घातले होते, आणि एकतीस तारीख उलटून गेली होती.

मला वाटलं होतं, आता सासूबाई निवळतील. त्या उलट जास्तच पेटल्या. संध्याकाळी धंदा आटोपला की मला घेऊन दारोदार फिरल्या. तीन गल्ल्यांत मिळून अकरा घरं निघाली, राहती, दिवे लागलेली, आणि कागदावर नसलेली. सगळ्यांचे कागद त्यांनी मास्तरांच्या टेबलावर एकावर एक ठेवले आणि माझ्यापुढे वही सरकवली.

"लिही तक्रार. थेट मंत्रालयात जाऊ दे."

"काय लिहू?"

"तू शिकलेली आहेस, सभ्य भाषेत लिही," त्या म्हणाल्या. "मी सांगायला लागले तर कागद जळेल."