पुलावर तरंगलेला होकार

झेलीला एकदा हसू फुटलं की आवरत नसे, आणि तिथेच घात झाला. रविवारी सेन नदीच्या काठी तेओद्यूलने भीतभीत लग्नाचं विचारलं, आणि बाईसाहेब आनंदाने ज्या खिदळत सुटल्या, त्या थांबेनातच! बिचाऱ्याला वाटलं, आपली टर उडवली. टोपी उचलून तो चालू लागला. सोमवारी कारखान्यात कळलं, स्वारी येत्या शनिवारी बोर्दोला निघणार, ती कायमचीच.

कारखाना जोडचित्रांचा. पॅरिसच्या एकाच देखाव्याचे दोन फोटो शेजारी शेजारी चिकटवायचे. भिंगाच्या पेटीतून पाहिलं की अख्खा रस्ता खरा होऊन समोर उभा! कागद पातळ असे. त्यावरच्या दिव्यांना झेली सुईने भोकं पाडी, मग उजेडाकडे धरताच पुलावर दिवे लागत. तयार झालेलं प्रत्येक चित्र तेओद्यूल तपासायचा. कामात बोलायची मात्र सक्त मनाई.

झेलीच्या डोक्यात किडा वळवळला. पुलावरच्या आभाळात तिने सुईने टोचून लिहिलं, 'हो'. दोन्ही फोटोंत लिहिलं, पण अक्षरं एकमेकांकडे जराशी सरकवून. दिव्याची भोकं अशी सरकली की दिवा जागा सोडून थेट बघणाऱ्याच्या नाकापुढे तरंगतो. नवख्या मुलींच्या हातून हे चुकून व्हायचं आणि त्या बोलणी खायच्या. हिने मुद्दाम केलं, आणि चित्र हळूच तेओद्यूलच्या ढिगावर ठेवलं.

नेमके मालक आले आणि त्यांनी वरचंच चित्र उचलून पेटीत घातलं, पेटी उजेडाकडे धरली.

"अरेच्चा!" मालक पेटीसकट मागे सरकले. "मला 'हो' कोण म्हणतंय? विधुर आहे मी, पण अजून कुणाला विचारलेलं नाही!"

"तुम्हाला नाही, मालक!" झेलीच्या तोंडून निसटलं.

"मग कुणाला? बोल, नाहीतर उद्यापासून घरी बस."

सगळ्या बायकांच्या सुया थांबल्या. झेलीचे कान तापले.

"तेओद्यूलला!" ती ओरडलीच. "अरे वेड्या, आनंदाने हसले मी रविवारी! आनंदाने!"

तेओद्यूलने मालकांच्या हातातून पेटी चक्क हिसकावली आणि खिडकीकडे धरली. किती वेळ तो तसाच उभा राहिला. झेलीचा जीव टांगणीला लागला.

"दिसलं का रे?" मालकांनी विचारलं.

"नाही. सगळं धूसर आहे."

मालकांनी पेटी घेऊन भिंगं निरखली. मग खिशातून रुमाल काढून त्याच्या हातात कोंबला.

"भिंगं ठीक आहेत. डोळे पूस, गाढवा."