श्वास कोंडलेला दिवा

जरा डोळे मिटा आणि काचेची एक रिकामी बरणी मनात आणा. आत कुणी पाणी ओतलेलं नाही, झाकण घट्ट आहे, तरी काचेच्या आतून थेंब ओघळताहेत. आता ती बरणी एका व्हॅनच्या तोंडाशी बसवा आणि तिच्या पोटात दिवा लावा. उजेड कसा पडेल? गरम चहा पिताना चष्मेवाल्याला जसं दिसतं, तसा.

पास्कलच्या व्हॅनचा डावा हेडलाइट गणपतीपासून असाच आंधळा झाला होता.

पास्कल पाचूबंदरचा, दर्यावर वाढलेला माणूस. गुडघे गेले तशी त्याने होडी धाकट्या भावाच्या, सॅमीच्या, हवाली केली आणि शाळेची व्हॅन चालवायला घेतली. पहाटे उठून पोरं गोळा करायची, दुपारी घरोघर सोडायची, मधल्या वेळात कुणा म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायचं. समुद्रावरचा थकवा झोपेने उतरायचा. हा उतरत नव्हता.

त्यात शुक्रवारी व्हॅनमधून जाणाऱ्या हर्षवर्धनच्या आईने, सुहासिनीताईंनी, व्हॅनसमोर उभं राहून हेडलाइटची काच रुमालाने पुसून पाहिली. पुसली जाईना. पाणी आतल्या अंगाला होतं.

"पास्कलभाऊ, पहाटे अंधार असतो, वर पाऊस," त्या म्हणाल्या. "एका डोळ्याने आमची मुलं नेणार का? सोमवारी दिवा नीट नसला, तर आमच्या इमारतीतले सगळे दुसरी व्हॅन बघणार आहोत. राग मानू नका."

राग कसला मानणार? बाई खरं तेच बोलत होत्या. पण त्या इमारतीतली पोरं गेली, की व्हॅनमध्ये उरणार कोण? पास्कलची मुलगी शर्लिन, एकटी.

शनिवारी दुपारी पास्कल अंगणात व्हॅनपुढे पाट टाकून बसला. हातात लेपाची नळी होती, होडीच्या फटी बुजवतात त्या लेपाची. काचेच्या कडेला खरोखरच बारीक चीर होती, तिथे त्याने आधीच लेप भरला होता. तरी पाणी दिसलं, म्हणून मागूनही भरला. आता पुन्हा.

"पप्पा, परत तेच?" शर्लिनने विचारलं.

"होडीत पानी शिरलं की काय करतात? भोक शोधतात, बुजवतात. माझ्या बापानं तेच केलं, मी पन तेच करनार."

"पण आता भोकच उरलं नाही. मग पाणी येतं कुठून?"

"मला नको इचारू. दर्याला इचार."

एवढ्यात घरातून तिच्या आईची, मॅग्डलीनची, हाक आली. "शर्लिन, बोंबलांच्या डब्याला झाकन कोनी लावलं?"

शर्लिन मान खाली घालून आत गेली. आदल्या दिवशी ऊन पडलं होतं, म्हणून आईने सुके बोंबील पुन्हा छपरावर पसरले होते. ते गरम असतानाच शर्लिनने डब्यात भरले होते. आई झाकण उलटं धरून उभी होती आणि त्यावरून थेंब टपकत होते.

"उन्हातनं आनलेलं निवायच्या आधी कोंडलं की त्याला घाम सुटतो. आता बुरशी आली तर कालवनात तूच खा. अगं, घाम जायला वाट नको?"

शर्लिन ते झाकण तसंच घेऊन अंगणात पळाली. "पप्पा, बघ. डब्याला एकही भोक नाही."

पास्कलने झाकणाकडे पाहिलं. नवीन काही शिकायचं त्राण त्याच्यात नव्हतं. "दिवा म्हंजे बोंबील नाय, बाय."

"पण लावला की गरम होतो ना? विझवला की गार. मग आतल्या ओल्या हवेने जायचं कुठून?"

पास्कलचा हात हेडलाइटच्या मागे गेला. तिथे करंगळीएवढी, खाली तोंड असलेली रबराची नळी होती. बनवणाऱ्याने चुकून सोडलेलं भोक समजून त्याने तीही लेपाने गच्च भरली होती. दिव्याचं नाकच त्याने दाबून धरलं होतं.

त्याने नळी काढून सुईने साफ केली. मागचं झाकण उघडलं, बल्ब बाहेर काढला. शर्लिनने शेजारच्या आल्बिनाच्या पार्लरमधून केस सुकवायचं यंत्र आणलं.

"कोनाच्या लग्नाला चाललाय गो हा दिवा?" आल्बिनाने दारातून विचारलं.

मंद वाऱ्यावर, काच तापू न देता, बापलेकीने आळीपाळीने दिवा सुकवला. पास्कलला मधेच डुलकी लागली तेव्हा यंत्र शर्लिनने धरलं. शेवटी चिरेवरचा लेप तसाच ठेवून, मागचं झाकण घट्ट लावून, नळी मोकळी बसवली. पाऊस शिरायची वाट बंद, वाफ जायची वाट उघडी.

सोमवारी पहाटे पाऊस होताच. इमारतीखाली पास्कलने दिवे बंद करून काच दाखवली. सुहासिनीताईंनी छत्री कलती करून, मोबाइलचा उजेड टाकून पाहिलं. काचेच्या कोपऱ्यात पुसटसं धुकं धरलं होतं.

"हेच म्हणत होते मी," त्या हळूच म्हणाल्या.

पास्कल सवयीने दाराकडे वळला आणि त्याचा हात दाराच्या खणातल्या लेपाच्या नळीकडे गेला.

"काकू, थोडं थांबा," शर्लिन म्हणाली आणि आत वाकून तिने दिवे लावले.

सगळे पावसात उभे राहिले. धुकं आधी मधून विरलं, मग कडेकडेने. समोरच्या भिंतीवर दोन सारखे उजेड पडले. सुहासिनीताईंनी व्हॅनचं दार सरकवलं.

"चढ, हर्षवर्धन." मग पास्कलकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही झोपता कधी हो?"

"पोरं उतरली की," पास्कल म्हणाला आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसला. हात पुन्हा खणातच गेला.

शर्लिनने त्याच्या बोटांतून लेपाची नळी हळूच सोडवली, आपल्या दप्तराच्या तळाशी ठेवली आणि चेन ओढली. "ही सॅमीकाकाच्या होडीला," ती म्हणाली, आणि दप्तर मांडीवर घेऊन बसली.