निळी डबी आणि नव्याण्णव कुप्या

नव्याण्णव. त्या खेळात एकाच वस्तूचे याहून जास्त नग झोळीत मावत नाहीत.

चौकटीच्या वहीत पेन्सिलीने काढलेला खेळातल्या तळघराचा नकाशा. तीन दारं, एक खोटी भिंत, तिच्यामागे चोरवाट.

स्टुलावर निळी प्लास्टिकची डबी.

अर्धवट लेखाचं पहिलं वाक्य: ‘पडद्यावर दुसरा जन्म घेणारी माणसं एवढी चिक्कू का असतात?’

घड्याळाचा पट्टा. शेवटच्या भोकातही सैल.

तर घड्याळ ताईचं, वही लेखकाची, आणि डबी दोघांची म्हणायला हवी.

लेखक चाळिशी ओलांडलेला, एकटा. दोन कादंबऱ्या नावावर, बाकी सगळा जीव पडद्यावरच्या भूमिकांच्या खेळांत. कधी तलवारबाज व्हायचं, कधी मांत्रिक, आणि गावोगाव हिंडून लोकांची अडलेली कामं करायची. घरातला नळ मात्र दोन वर्षं ठिबकत होता. हा नाद लहानपणी ताईनेच लावलेला. दुखणं हाडांत उतरल्यावर ती त्याच्याकडे राहायला आली आणि दोघांनी नवा खेळ मांडला. तिची बोटं थरथरत, म्हणून बटणं त्याची, हुकूम तिचा.

“वैद्यीण घे,” ती म्हणाली. “मारामारीला बाकीचे मूर्ख आहेतच.”

“नाव काय ठेवू?”

“माझंच ठेव. निदान तिथे तरी जिने चढेन.”

लेखकाचं म्हणणं असं, की मुरलेला खेळाडू सगळ्यांत भारी औषधाची कुपी कधी उघडतच नाही. ती मोठ्या संकटासाठी राखायची. संकट आलं की वाटतं, याहून मोठं पुढे असेल. लेख त्यावरच चालला होता.

डबीत ताईच्या दुखण्यावरच्या जालीम गोळ्या होत्या. एका दुपारी, पुलावरच्या राक्षसाशी झुंज चाललेली असताना, तिने उशीचा कोपरा दातांत धरला.

“घेतेस का एक?”

“तू उघडलीस कुपी?”

“आत्ता कशाला? खरी लढाई मनोऱ्यावर.”

“मग मला काय शिकवतोस, लेखकराव? माझाही मनोरा यायचाय.”

तो हसला. ते त्याला पटलं. नुसतं पटलं नाही, आवडलं. त्याने ते वाक्य लेखात टाकलं.

मग रोज संध्याकाळी तो डबी मोजू लागला. “त्रेचाळीस!” “शाब्बास रे माझ्या वाघा!” असं चालायचं. एकदाच तिने स्वतःहून हात पुढे केला.

“अर्धी तोडून दे.”

“आजचा दिवस काढ ना, ताई. कालच्यापेक्षा बरी दिसतेस.”

उशीचा कोपरा तिने आपणच जवळ ओढला. त्या कोपऱ्याचा अभ्रा एव्हाना विरला होता.

मंगळवारी मनोरा सर झाला. शेवटचा राजा पडला. झोळीत नव्याण्णव कुप्या, बुचांसकट.

“एकही नाही उघडलीस?” ताई पडद्याकडे बघत राहिली. “अरे, त्या जिन्यावर मी तीनदा मेले!”

“पण उठवलं ना परत?”

“उठवलंस खरं.”

बुधवारी दुपारी ताई ओरडली. लेखकाने डबी उघडली, गोळी तिच्या जिभेवर ठेवली, चमच्याने पाणी घातलं. पाणी ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलं. दुसरी त्याने चुरून दिली. तीही उतरेना. तिसरी हातातच विरघळली. घशाने दार लावून घेतलं होतं, आणि त्याला खोटी भिंत सापडत नव्हती. सुई घेऊन डॉक्टर येईपर्यंत तीन तास गेले. तोवर तिचं ओरडणं ऐकून भिंतीपलीकडच्या शिंपीणबाईंनी मशीन थांबवलं होतं.

गुरुवारी सकाळी ताई गेली.

डबीत चाळीस गोळ्या राहिल्या. लेखकाने खेळ पुन्हा लावला. वैद्यीण मनोऱ्याच्या गच्चीवर ठणठणीत उभी होती. त्याने तिला एक कुपी पाजली. मग दुसरी. प्रत्येक वेळी पडद्यावर तेच वाक्य उमटलं: काही परिणाम झाला नाही. नव्याण्णवच्या नव्याण्णव त्याने पाजल्या.

डबी देताना डॉक्टरांनी सांगितलं होतं, की गोळ्या जपून ठेवायच्या नाहीत, दुखलं की घ्यायच्या, संपल्या की आणखी मिळतील; आणि लेखकाने ते तळघराच्या नकाशामागच्या पानावर लिहून घेतलं होतं.