झाडामागची बैठक

बाईंनी घसरगुंडीच्या पत्र्यावर तळहात टेकवला आणि मनात आकडे मोजायला सुरुवात केली. पंधराच्या पुढे गेल्यावर साइटवरचा इंजिनिअर घाईने जवळ आला.

"बाई, उचला हात. भाजेल."

त्यांनी हात उचलून पाहिला. तळवा लालबुंद झाला होता. वहीत त्यांनी लिहिलं, घसरगुंडी सावलीत हलवणे. अक्षर नेहमीसारखंच नेटकं आलं.

वीस वर्षं बाई मुलांची मैदानं आखत आल्या होत्या, पण असं मैदान पहिलंच. काही मुलांच्या कानात झोपाळ्याची करकर सुरीसारखी शिरते, काहींना वाळूचा कणही अंगावर सहन होत नाही, तर काहींना गरगर फिरल्याशिवाय चैन पडत नाही. अशा मुलांनाही इथे इतरांच्या बरोबरीने खेळता यायला हवं होतं.

बाईंची धाकटी बहीण त्यांतलीच. चौतिसाव्या वर्षी, न्यूमोनियाचं निमित्त होऊन, ती अकरा दिवसांपूर्वी गेली. चौथ्या दिवशी बाई कामावर हजर होत्या. इंजिनिअरने दोनदा रजेचा विषय काढला, तेव्हा घरी बसून भिंती मोजू का, एवढंच त्या म्हणाल्या. रडू आलं नव्हतं. येईल म्हणून त्यांनी थोडे दिवस वाट पाहिली, मग तेही राहून गेलं.

दहाच्या सुमाराला एक आई दोन मुलींना घेऊन आली. नमुन्यादाखल उभारलेली खेळणी धाकटीने वापरून पाहायची, असं ठरलं होतं. धाकटी सहा वर्षांची, दोन्ही कानांवर हात, चवड्यांवर चालणारी. आई बोलकी होती. आमच्याकडे मिक्सर लावायचा तर आधी नोटीस द्यावी लागते, असं सांगून ती स्वतःच हसली. बाईंनीही हसल्यासारखे ओठ हलवले.

धाकटीने साखळीच्या झोपाळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जाड कापडाच्या झोळीत मात्र ती शिरली आणि आतून कापड अंगाभोवती घट्ट ओढून घेतलं. थोड्या वेळाने कानांवरचे हात सुटले. आई बोलता बोलता गप्प झाली. बाईंनी वेळ टिपली, चार मिनिटं.

थोरली फाटकापाशीच उभी होती. नऊ-दहा वर्षांची असेल. धाकटीची पिशवी तिच्या खांद्यावर होती आणि ती फाटकावरची जुनी सूचना पुन्हा पुन्हा वाचत होती. बाई तिच्याजवळ गेल्या.

"तुला काय हवं इथे?"

"मला? मैदान तर तिच्यासाठी आहे ना."

"तरी सांग."

थोरलीने आईकडे एकदा पाहून घेतलं.

"बसायला जागा," ती हळूच म्हणाली. "जिथून ती मला दिसेल. पण मी तिच्याबरोबर आलेय, हे कुणाला कळणार नाही."

बाईंची पेन्सिल थांबली. लहानपणी दर रविवारी बहिणीला मैदानावर न्यायचं काम त्यांच्याकडे असे. पाळणा फिरू लागला की बहीण जमिनीवर बसून किंचाळायची. मुलं विचारायची, ही कुणाची गं? आणि त्या म्हणायच्या, काय माहीत. एकदा तर बहीण त्यांच्याकडे हात पसरून येत असतानाही त्या तसंच म्हणाल्या होत्या.

"रागावलात?" थोरलीने विचारलं.

"नाही गं."

"तुम्हालाही आहे का अशी बहीण?"

"आहे," बाई म्हणाल्या. "धाकटी."

"मग मैदान झालं की तिला आणा. झोळी आवडेल तिला."

"मोठी आहे ती आता."

"मग मोठी झोळी करा," थोरली म्हणाली. आईने हाक मारली, तशी ती पिशवी सावरत निघून गेली.

दुपारी बाईंनी नकाशा पत्र्याच्या टेबलावर पसरला. झोळीपासून थोडं दूर, जुन्या झाडाच्या बुंध्याआड त्यांनी एक छोटा चौकोन काढला. इंजिनिअर वाकून बघू लागला. पालकांची बाकं समोर आहेतच, शिवाय झाडाआड बसलेलं माणूस कुणाला दिसणारही नाही, असं त्याचं म्हणणं पडलं.

"त्याला झोळी दिसली म्हणजे झालं," बाई म्हणाल्या.

त्याने मान हलवली आणि चौकोनाशेजारी लिहिलं, पालकांसाठी जादा बैठक. बाईंनी कागद स्वतःकडे ओढला, ते शब्द खोडले आणि वर लिहिलं, बहिणीसाठी. या वेळी अक्षर ओळ सोडून खाली उतरलं.

इंजिनिअरने ते वाचलं. टेपचं एक टोक त्याने बाईंच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन तो झाडाच्या दिशेने चालू लागला.