मी फरशीखाली जाणार नाही

मी एक जुना ठोंब आहे, मित्रांनो. हसू नका. ठोंब म्हणजे एकाच मुळाशी दाटीने वाढलेला पातीचा झुबका. चाइव्ह हे माझे नाव. कांद्या-लसणाच्या घराण्यातला मी सर्वांत बारीक. माझी पात सुतळीएवढी, आतून पोकळ आणि वासाने सौम्य असते. उकडलेल्या बटाट्यावर किंवा अंड्यावर मला कात्रीने कापून घालतात. मी आगाऊ आहे, जागा मिळाली की हातपाय पसरतो, असे तुम्ही ऐकले असेल. खरेच आहे ते, आणि मला त्याची लाज वाटत नाही. पसरणे हे माझे काम आणि मला आवरणे हे माणसांचे. माझ्या कामात मी कधी कुचराई केलेली नाही. माणसांचे त्यांनाच विचारा.

माझा जन्म एका शिंपीणकाकूंच्या अंगणातला. त्यांनी एका दांडग्या ठोंबाचे कुदळीने तुकडे केले, त्यातला एक मी. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी मला शेजारच्या घड्याळजींच्या हातात दिले. घड्याळजींनी नुकतेच आपले दुकान बंद केले होते. त्यांचे हात थरथरू लागले होते. घड्याळाचा स्क्रू चिमट्यात धरला की तो टुणकन उडून कपाटाखाली जायचा, आणि मग सकाळभर घड्याळजी पोटावर पालथे. शेवटी त्यांनी भिंग पुसून डबीत ठेवले आणि दुकानाला कुलूप लावले.

"दोन गोष्टी ध्यानात ठेवा," काकू म्हणाल्या. "फुलं सुकून बी धरायच्या आत कापायची. आणि तीन-चार वर्षांनी उकरून वाटणी करायची. नाहीतर हा पठ्ठ्या सगळा वाफा खाईल."

"हो, हो," घड्याळजी म्हणाले. ते सगळ्यांनाच हो म्हणत.

सर्वांत जास्त हो ते त्यांच्या थोरल्या बहिणीला म्हणत. सारे त्यांना मेट्रनबाई म्हणायचे, कारण रुग्णालयात त्या मुख्य परिचारिका होत्या. निवृत्त झाल्या, पण मेट्रनपण काही उतरले नाही. आई लवकर गेल्यामुळे धाकट्या भावाला त्यांनीच वाढवले होते. त्याने कोणता धंदा शिकायचा, दुकान कुठे घ्यायचे, स्वेटर कधी घालायचा, हे सगळे त्याच ठरवत. घरामागची छोटीशी बागही त्यांनीच वाटून दिली होती. मध्ये विटांची ओळ, एका बाजूला त्यांचे गुलाब आणि दुसऱ्या बाजूला भावाची भाजी. घड्याळजींनी मला त्या विटांना लागूनच लावले.

ते दिवस माझ्या सुखाचे होते. सकाळी घड्याळजी कात्री घेऊन येत आणि जमिनीपासून दोन बोटे ठेवून माझी पात कापत. हात थरथरायचा, कात्री भरकटायची, कधी इकडे उंच तर कधी तिकडे बुटके. मला त्याचे काय? वाकडे कापले तरी मी सरळच वाढतो. घड्याळात केसाएवढी चूक झाली तर घड्याळ बंद पडते. माझ्याकडे तसे काही नव्हते. हे त्यांच्या लक्षात आले तेव्हा ते एकटेच हसले आणि मला म्हणाले, "तुझ्यापुढे बरं वाटतं बाबा." मित्रांनो, तेव्हापासून मी त्यांचा झालो.

मग मला फुले आली. जांभळी, गोंड्यासारखी, ताठ देठावर उभी. काकूंचे बोल आठवून घड्याळजी कात्री घेऊन आले, तोच स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला.

"अरे, फुलांना हात लावू नकोस! किती गोड दिसतायत."

"ताई, पण बी..."

"राहू दे म्हटलं ना."

"बरं, ताई."

फुले राहिली आणि सुकली. त्यांतून काळे बी गळले, आणि वाऱ्याने ते विटांपलीकडे गेले. पुढच्या मोसमात गुलाबांच्या पायाशी माझी पोरेबाळे माना वर काढून उभी होती. मेट्रनबाई भडकल्या. कंबर कसून त्यांनी दिसेल ते उपटले, माझीही वाळकी बोंडे ओरबाडली, आणि सगळे बियांसकट खताच्या खड्ड्यात टाकले. काहीही वाया जाऊ द्यायचे नाही, हा त्यांचा नेमच होता. ते खत मुरले. त्यांनी ते मोठ्या प्रेमाने प्रत्येक गुलाबाला घातले, उरलेले कुंपणाजवळच्या शेवंतीला घातले, आणि चाळणीत राहिलेले पायरीशी झटकले.

पुढे काय झाले ते तुम्हीच ओळखा. बागेत मी नाही अशी जागा उरली नाही. पायरीच्या फटीतूनही मी डोकावलो. मला सगळीकडे पेरले कोणी, तर मेट्रनबाईंनी. आणि बोल कोणाला? मला! भेटीची वेळ संपल्यावरही खाटेशी रेंगाळणाऱ्या नातेवाइकांकडे त्या जसे बघत असतील, तसे त्यांनी माझ्याकडे बघितले.

"बास झालं," त्या म्हणाल्या. "सगळ्या बागेला फरशी घालून टाकू. गुलाब मी कुंडीत लावीन. भाजी काय, बाजारात मिळते."

घड्याळजींनी हातातली कात्री खिशात घातली. मग म्हणाले, "बरं, ताई."

तो 'बरं' ऐकून मला त्यांचा भयंकर राग आला. उपटलेत, चालेल, मी पुन्हा येईन. कापलेत, तर दुप्पट येईन. पण फरशीखाली ना ऊन, ना पाणी. तिथे माझाही इलाज चालणार नव्हता. घड्याळजींनी बागेत येणे बंद केले. सकाळी ते खिडकीशी बसत, हात मांडीखाली दाबून. मी मात्र वाढत राहिलो. मरायचे असेल तर हिरवेगार असताना मरू, पिवळे पडून नाही, असे मी ठरवले होते.

गवंडी आला. त्याने वाळू ओतली, फरश्या भिंतीला टेकवल्या आणि विचारले, "बाई, सुरुवात कुठून करू?"

मेट्रनबाईंनी माझ्याकडे बोट दाखवले.

तेवढ्यात मागचे दार उघडले. घड्याळजी दुकानातले आपले जुने लाकडी स्टूल घेऊन आले. त्यांनी ते बरोबर माझ्यावर ठेवले, म्हणजे मी चार पायांच्या मधे, आणि ते त्यावर बसले.

"ऊठ," मेट्रनबाई म्हणाल्या. "कामाचा खोळंबा होतोय."

"नाही."

"काय म्हणालास?"

"नाही उठत. फरशी घालायची तर माझ्यावरून घाल."

गवंड्याने थापी खाली ठेवली. "बाई, मी जरा चहा घेऊन येतो," तो म्हणाला, पण गेला नाही. असा तमाशा कोण सोडतो?

"एका गवताच्या जुडीसाठी तू माझ्याशी भांडतोस?"

"गवत नाही ते. ताई, दुकान गेलं. हात गेले. चमचा धरला तरी आमटी सांडते, आणि तू दुसरीकडे बघतेस. या एवढ्याशा जागेत मी काहीतरी करतो आणि ते बिघडत नाही. एवढंच उरलंय माझं. ते मी देणार नाही."

त्यांचे हात गुडघ्यांवर थरथरत होते, पण त्यांनी ते लपवले नाहीत. मेट्रनबाईंनी आयुष्यभर परक्यांच्या नाड्या तपासल्या होत्या. भावाच्या हातांकडे बघायचे मात्र त्या टाळत होत्या, कारण तिथे त्यांचे काही चालत नव्हते. आज त्यांनी पाहिले, आणि त्यांचे डोळे भरून आले. त्या मटकन पायरीवर बसल्या.

"लहानपणापासून एकदाही 'नाही' म्हणाला नाहीस," त्या म्हणाल्या, "आणि म्हणालास तेही गवंड्यादेखत!"

"ताई, फुलं कापू दिली असतीस तर ही वेळ आली नसती."

"म्हणजे माझंच चुकलं?"

"हो," घड्याळजी म्हणाले. हा 'हो' मात्र मला फार आवडला.

मेट्रनबाईंनी पदराने नाक पुसले. "ठीक आहे. राहू दे. पण माझ्या गुलाबांत एक जरी काडी दिसली ना, तर स्टुलासकट उचलून बाहेर ठेवीन."

घड्याळजींनी गवंड्याच्या सामानाकडे पाहिले. "ती फुटकी बादली द्याल का?"

"तिला बूडच नाही हो."

"तशीच हवीय."

बादली जमिनीत पुरली, काठ दोन बोटे वर ठेवला आणि त्यात मला लावले. गवंड्याने फरशी घातली, पण फक्त नळापाशी. बागेत इकडेतिकडे उगवलेली माझी पोरे मेट्रनबाईंनी एकेक करून उपटली. त्यांची तक्रार मी करणार नाही, कारण तो त्यांचा हक्कच होता. पण पहिला मोसमभर मी बादलीच्या पत्र्याला धडका दिल्या, हेही सांगतो. आजही देतो. मला आवरले म्हणजे मला नमवले, असे कोणी समजू नये.

आता फुले पुरती उमलली की मेट्रनबाई स्वतः येऊन ती कापतात आणि जेवणाच्या टेबलावर पेल्यात ठेवतात. बी धरायला मला उसंतच मिळत नाही.

काही वर्षे गेली आणि बादली गच्च भरली. घड्याळजींनी मला उकरून माझे दोन भाग केले.

"अर्धं टाकून दे आता," मेट्रनबाई म्हणाल्या.

"नाही," घड्याळजी म्हणाले. या वेळी त्यांना स्टूल आणावे लागले नाही. मान वर न करता, कात्री पुसता पुसता ते म्हणाले.

"मग कोणाला द्यायचं ते तूच ठरव," मेट्रनबाई म्हणाल्या, आणि ओले वर्तमानपत्र आणायला आत गेल्या.

मित्रांनो, मला लावाल तर बूड काढलेल्या बादलीत लावा. माझी फुले वेळेवर कापा. मी दाट झालो की मला वाटून द्या. बियांसकट मला खतात टाकू नका. एवढे जमणार नसेल तर मला लावूच नका, मी रागावणार नाही. पण लावल्यावर, माझा आणि मला वाढवणाऱ्याचा कंटाळा आला म्हणून फरशी घेऊन येऊ नका. आणि कोणी आलेच, तर स्टूल टाकून माझ्यावर बसणारे एखादे माणूस तुमच्या घरात आहे का ते बघा. नसेल, तर तुम्ही बसा.