दुसऱ्या वाटेचं शून्य

साहेबांना लाल रंग खपत नसे. रोज सकाळी ते हॉस्पिटलच्या तळघरातल्या मशीनरूममध्ये डोकावायचे आणि पडद्यावर एक जरी लाल आकडा दिसला की त्यांचा पारा चढायचा. सकाळी सकाळी कोण शिव्या खाणार? म्हणून ते यायच्या आधी नेटवर्कच्या स्विचवरच्या सगळ्या पोर्टांचे, म्हणजे केबल लावायच्या खाचांचे, एररचे आकडे शून्य करून ठेवायचे, अशी तिथली रीतच पडली होती. 'पाटी पुसणे' म्हणत त्याला. एरर आले का, कुठून आले, हे बघायला सवड होती कुणाला! पाटी पुसायची धाकटीने. सगळ्यांच्या शेवटी नोकरीला लागली म्हणून ती धाकटी. आता केस पिकायला लागले, तरी धाकटीच.

हॉस्पिटलात काढलेले सगळे स्कॅन एका मोठ्या स्टोरेजमध्ये साठवलेले असत आणि या स्विचमधूनच ऑपरेशन थिएटरच्या पडद्यावर जात. त्यासाठी दोन वाटा होत्या, म्हणजे दोन पोर्ट आणि दोन केबल. दिवसा सगळं पहिलीवरून जायचं; ती बंद पडली की सगळा भार आपोआप दुसरीवर.

त्या दिवशी वरच्या थिएटरमध्ये धाकटीचे बाबा टेबलावर होते. जातिवंत रंगारी, उभा जन्म शिडीवर गेलेला. कण्यात गाठ झाली आणि उजवा पाय बधिर होत चालला. गाठ निघाली तर पाय वाचेल, असं डॉक्टर म्हणाले होते. "मला शिडी चढता आली पाहिजे," बाबांनी डॉक्टरांना बजावलं होतं. "बाकी काय कापायचं ते खुशाल कापा."

बाबांसाठी म्हणून धाकटीने आदल्या दिवशीच स्विचचा नियम बदलला होता. इतके दिवस पोर्टवर एरर वाढले, तर स्विच नुसती नोंद करायचा. आता तिने त्याला सांगून ठेवलं, की एरर मर्यादेबाहेर गेले तर पोर्ट सरळ बंद कर. खराब वाट आपोआप बाजूला पडेल, स्कॅन चांगल्या वाटेने जातील. नियम चांगलाच होता. पुस्तकातही तसंच सांगितलेलं असतं.

ऑपरेशन सुरू झालं आणि थोड्या वेळाने पहिल्या वाटेवर एरर दिसायला लागले. तुरळकच होते, मर्यादेच्या कितीतरी खाली. एरवी तिने ढुंकून पाहिलं नसतं. पण आज तिचा जीव टांगणीला लागला होता.

"मामा, पहिला पोर्ट तपासणीला लावते," ती म्हणाली. मामा म्हणजे शेजारच्या टेबलावरचे जुने तंत्रज्ञ. अख्खं खातं त्यांना मामाच म्हणायचं.

"अगं, तपासणीला लावलास की तो बंद राहणार. ऑपरेशन तरी संपू दे."

"दुसरी वाट आहे ना. बघा, एकही एरर नाही. शून्य!"

मामांनी पडद्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. शून्य असणारच होतं हो! सकाळी तिनेच तर पुसलं होतं, स्वतःच्या हाताने. पण रोजच्या कामाची हाताला इतकी सवय झालेली असते, की डोक्याला त्याचा पत्ताच नसतो. दुसरी केबल आतून कधीचीच खराब झाली होती. रोज रात्री थोडा भार तिच्यावर पडला की थोडे एरर यायचे, रोज सकाळी पुसले जायचे.

तिने तपासणी सुरू केली. पहिला पोर्ट बंद झाला, सगळा भार दुसऱ्यावर आला, एरर भराभर चढले. आणि नियमाप्रमाणे स्विचने दुसरा पोर्टही बंद केला.

थिएटरमधून फोन आला. "स्कॅन गेले! पडदा काळा पडलाय, पेशंट उघडा आहे आमच्यासमोर!"

पहिला पोर्ट तपासणी संपेपर्यंत उघडणार नव्हता. तिने दुसरा पोर्ट चालू केला. एरर आले, तो पुन्हा बंद झाला. पुन्हा चालू केला, पुन्हा बंद. "नियम काढ! आधी तो नियम काढ!" मामा ओरडले. घाईत पासवर्ड दोनदा चुकला. अखेर नियम निघाला आणि वर चित्र दिसू लागलं. पण डॉक्टर थांबले नव्हते. रक्त थांबत नव्हतं, तर ते कसे थांबणार? त्यांनी अंदाजाने हात चालवला होता.

साहेब धावत खाली आले. पडद्यावर लालच लाल. "आधी हे पुसा," ते म्हणाले. "आता वरून माणसं येतील बघायला."

धाकटी जागची हलली नाही. मामाही हलले नाहीत. शेवटी साहेबांनीच पाटी पुसली.

बाबा शुद्धीवर आले, तेव्हा ती उशाशी बसली होती. तिचा दादा दाराशी पाठ फिरवून उभा होता. डॉक्टरांनी त्याला बाहेर बोलावून पायाचं सगळं सांगितलं होतं.

"आलीस?" बाबा हसले आणि नर्सकडे वळून म्हणाले, "ही माझी मुलगी. इथली सगळी मशीनं हीच सांभाळते. ती खाली होती, म्हणून मी निवांत झोपलो."

तिला हुंदका आवरेना. "बाबा, माझ्यामुळेच..."

"वेडे, रडतेस काय? झालं ना सगळं नीट!" त्यांनी तिचा हात थोपटला. "पाय अजून जाणवत नाहीये, भूल उतरली की जाणवेल. शिडी तेवढी कुणाला देऊ नकोस हं."