पूर्वसंशोधनाचा आढावा

"काहीतरी द्या ना बाई. काहीही चालेल," ती मुलगी म्हणाली.

"काहीही चालत असेल तर वर्तमानपत्रं खाली ठेवली आहेत," पद्धतीबाई म्हणाल्या. "विषय कुठला?"

"गणित."

"इयत्ता?"

"पाचवी. म्हणजे सहावी पण चालेल."

"आणि मुलांचं नक्की कुठे अडतंय?"

तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक सगळेच अडत, तशी तीही अडली. मुलांचं काय अडतं हे ठरवून यायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसे. आपलं काय अडतं एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक असे: महिनाअखेर प्रबंधाचा आराखडा द्यायचा आहे आणि विषय मिळत नाही. बाईंनी तिला अपूर्णांकांवरची दोन पुस्तकं काढून दिली आणि खिडकीजवळच्या बाकावर बसवलं.

शिक्षक घडवणाऱ्या त्या महाविद्यालयाचं ग्रंथालय दोन मजली होतं. वरच्या मजल्यावर एकच लांबट खोली आणि तिच्या दारावर 'अध्यापन पद्धती' अशी पाटी. शाळेतले विषय कसे शिकवावेत याबद्दल लिहिलेलं सगळं तिथे होतं. पुस्तकं, बाद झालेली पाठ्यपुस्तकं, मासिकांचे बांधून ठेवलेले खंड, आणि मागच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटांत आजवरच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध. त्या पाटीवरून विद्यार्थ्यांनी खोलीच्या मालकिणीला पद्धतीबाई करून टाकलं होतं. बाईंना हे माहीत होतं. नाव आवडतही असावं, कारण त्यावरून त्यांनी कधी कुणाला झापलं नाही.

प्रबंधांबद्दल मात्र त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. दहातल्या नऊ प्रबंधांचं नाव एकाच साच्यातून निघालेलं असे: अमुक विषयाच्या अध्यापनात तमुक पद्धतीची परिणामकारकता, एक अभ्यास. इतक्या वर्षांत एकही पद्धत परिणामकारक नसल्याचं कुणाला आढळलं नव्हतं. कपाटं भरत चालली होती आणि मुलं अपूर्णांकाला अडत होती तिथेच अडत होती. काही महाभाग तर जुनाच प्रबंध काढायचे, साल बदलायचे, शाळा बदलायचे आणि मोकळे व्हायचे. असा कुणी हाती लागला की बाई दोन्ही प्रबंध त्याच्यापुढे शेजारी शेजारी ठेवत आणि काही न बोलता आपल्या कामाला लागत.

म्हणूनच हातात हेल्मेट घेतलेला तो मनुष्य समोर येऊन उभा राहिला, तेव्हा बाईंना आधी संशयच आला. तो पस्तिशीचा होता, गावाबाहेरच्या एका शाळेत शिक्षक होता आणि नोकरी सांभाळून इथे शिकत होता. शाळा सुटल्यावर थेट इकडे आला होता, बाहीला खडूही तसाच होता.

"विषय?"

"भूगोल."

"इयत्ता?"

"सहावी."

"मुलांचं अडतंय कुठे?"

"त्यांना उत्तर दिशा छताकडे वाटते, बाई."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"नकाशा भिंतीवर असतो ना," तो म्हणाला. "उत्तर वर, दक्षिण खाली. मी विचारलं, उत्तर दाखवा बघू. अख्ख्या वर्गाने पंख्याकडे बोटं केली. मला वाटलं चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती हो. मग मी नकाशा खाली जमिनीवर पसरला, खऱ्या उत्तरेकडे उत्तर करून. मुलं त्याच्या चारी बाजूंनी बसली आणि दोन तासांत त्यांना कळलं! त्यावरच करीन म्हणतो."

"हे तुम्हाला सुचवलं कुणी?"

"खिळ्याने," तो म्हणाला. "भिंतीतला खिळा निघाला आणि नकाशा खाली पडला. दुसरा खिळा काही बसेना, भिंतीचा नुसता भुसा व्हायला लागला. म्हटलं, राहू दे खालीच."

तो खरं बोलतोय हे बाईंना लगेच कळलं. चोरून आणलेल्या विषयाला खिळा नसतो. त्यांनी त्याला भूगोल अध्यापनाची पुस्तकं दिली, मासिकांचे तीन खंड दिले, दिशाज्ञानावरचे लेख कुठे सापडतील ते सांगितलं. तासभर त्या त्याच्यासाठी उठबस करत होत्या. मागच्या भिंतीकडच्या शेवटच्या कपाटात, सगळ्यांत खालच्या फळीवर, काळ्या पुठ्ठ्याचा एक प्रबंध होता, तेवढा मात्र त्यांनी काढला नाही.

"प्रबंधांत काही आहे का बाई, यावर?" त्याने जाताना विचारलं.

"बघून सांगते," बाई म्हणाल्या.

बघायची काही गरज नव्हती. तो प्रबंध कुठे आहे हे त्यांना डोळे मिटूनही सांगता आलं असतं. भिंतीवरचा नकाशा जमिनीवर आणून दिशा शिकवण्याचा प्रयोग त्यात होता आणि तो बाईंच्या यजमानांनी तीस वर्षांपूर्वी केला होता. तेव्हा ते यजमान नव्हते. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात खडू विसरणारे भूगोलाचे मास्तर होते, आणि बाई या खोलीत नव्याने लागलेल्या होत्या. मास्तर जिना चढून वर आले आणि त्यांनी विचारलं, "बाई, यावर आधी कुणी काम केलंय का?" त्यांचं ते पहिलं वाक्य. बाईंनी आठवडाभर कपाटं धुंडाळली आणि सांगितलं, नाही, कुणीच नाही. त्यावर ते इतके खूश झाले की नंतर काही काम नसतानाही येत राहिले. पुढचं सगळं ग्रंथालयाबाहेर घडलं. वर्षभरात लग्न झालं, मूलबाळ झालं नाही, दिवस बरे गेले.

प्रबंध मात्र कपाटात गेला तो गेलाच. बाईंनी कितीदा तरी विद्यार्थ्यांना सुचवून पाहिला. जाड आहे म्हणून तो कुणी घेत नसे.

घरी आल्यावर दार नणंदेने उघडलं. नवरा गेल्यावर ती भावाकडेच राहायला आली होती, आणि बाई कामावर असताना मास्तरांवर लक्ष ठेवायला तीच असे.

"वहिनी, दादाचं आज परत तेच. बूट घालून तयार. म्हणे, पहिला तास माझा आहे. मी म्हटलं, आज सुट्टी आहे. तर मलाच विचारतोय, कसली? आता कसली सांगू मी? रोज नवी सुट्टी कुठून आणायची माणसाने?"

"काय सांगितलंत मग?"

"म्हटलं, मुख्याध्यापक वारले. मग बसला गप्प बिचारा."

बाईंना हसू आलं. त्या आतल्या खोलीत गेल्या. मास्तर खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत होते. "अगं, आलीस?" त्यांनी विचारलं. बाई रोज या दोन शब्दांची वाट बघत घरी येत. मास्तरांची शाळा गेली होती, गावं गेली होती, सख्ख्या भावाचं नाव गेलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की जे नवं ते आधी जातं आणि जुनं सावकाश. पण 'अगं' शाबूत होतं, आणि ते आहे तोवर आपलं बरं चाललंय असं बाईंनी ठरवून टाकलं होतं. त्या प्रयोगाबद्दल त्यांनी मागे एकदा विचारून पाहिलं होतं. "नकाशा जमिनीवर?" मास्तर म्हणाले होते. "पाय पडतील ना त्याच्यावर."

प्रबंध आपण का दिला नाही, याची दोन कारणं बाईंनी जेवताना स्वतःला सांगितली. पहिलं कारण उघड होतं. विषय आधी झालेला दिसला की मार्गदर्शक तो खोडतात आणि दुसरा आणा म्हणतात. तो गुणी माणूस मग कसल्यातरी परिणामकारकतेच्या मागे लागला असता आणि नकाशा पुन्हा भिंतीवर गेला असता. दुसरं कारण त्यांनी नीट उच्चारलं नाही. खिळ्याची गोष्ट सांगताना तो माणूस हुबेहूब मास्तरांसारखा बोलला होता, आणि त्याला नाही म्हणायची त्यांची तयारी नव्हती.

पुढच्या आठवड्यात भूगोलवाला आराखडा टाइप करूनच घेऊन आला. "बाई, जरा नजर टाकता का? उद्या सरांना द्यायचाय."

बाईंनी चष्मा लावला. आराखडा चांगला होता, भाषा साधी होती. 'पूर्वसंशोधनाचा आढावा' या मथळ्याखाली शेवटी एक वाक्य होतं: 'महाविद्यालयाच्या ग्रंथालयात शोध घेतला असता, या विषयावर आजवर कोणीही संशोधन केल्याचे आढळले नाही.'

बाईंनी ते वाक्य पुन्हा वाचलं. अशी वाक्यं त्यांनी हजारदा वाचली होती आणि त्यांतली निम्मी आळसापोटी लिहिलेली असत. हे तसं नव्हतं. याने मनापासून शोधलं होतं, आणि त्याला जे आढळलं नाही ते बाईंमुळे आढळलं नव्हतं. मास्तरांना स्वतःला आठवत नाही. आता हे टाइप झालं, उद्या त्यावर सही होणार, मग बांधून कपाटात जाणार. बाईंना लाज वाटली. ज्या माणसाचं सगळं पुसलं जातंय म्हणून आपण रोज जीव मुठीत धरून घरी जातो, त्याचं एवढं एक उरलेलं आपणच इथे बसून पुसतोय.

त्या उठल्या. शेवटच्या कपाटापाशी गुडघ्यांवर बसल्या, काळा प्रबंध काढला, पदराने पुसला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"हे वाक्य खोडा," त्या म्हणाल्या. "हा इथेच होता. मी दिला नाही. चूक माझी."

तो वाचत बसला. खोली बंद करायची वेळ झाली तरी बाईंनी त्याला उठवलं नाही. मध्येच त्याने मान वर केली, तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"माझा विषय गेला, बाई. सगळंच आहे यात. पंख्याकडे बोटं केलेलीसुद्धा."

"शेवटचं प्रकरण वाचलंत?"

"नाही अजून."

"ते कुणीच वाचत नाही. वाचा."

शेवटच्या प्रकरणात पुढील संशोधनासाठी शिफारसी होत्या. हा प्रयोग एकाच वर्गावर केला आहे, असं मास्तरांनी लिहिलं होतं. तो वेगळ्या शाळेत, वेगळ्या मुलांवर, शक्य तर दुसऱ्याच शिक्षकाने करून पाहावा. तेव्हाही हेच दिसलं तरच ते खरं मानावं.

भूगोलवाल्याने ते दोनदा वाचलं. मग त्याने आराखड्यातलं वाक्य पेनाने खोडलं आणि समासात मास्तरांचं नाव लिहिलं, साल लिहिलं.

"दुसरा शिक्षक म्हणजे मीच झालो की," तो म्हणाला. "हे गृहस्थ कुठे असतात आता? भेटतील का?"

बाईंनी खिडक्या लावायला सुरुवात केली. "घरी असतात," त्या म्हणाल्या. "माझ्याच. रविवारी या. पण त्यांना आता फारसं आठवत नाही, एवढं लक्षात ठेवून या."

रविवारी तो आला तेव्हा मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. दाढी नणंदेने करून दिली होती. कुणीतरी शाळेतून भेटायला येणार एवढं त्यांना सकाळपासून सांगून ठेवलं होतं आणि ते त्यांनी धरूनही ठेवलं होतं. भूगोलवाला समोरच्या वेताच्या मोड्यावर बसला. प्रबंधाबद्दल तो काही बोलला नाही. त्याने आपल्या वर्गाबद्दल सांगितलं, पंख्याबद्दल सांगितलं, खिळ्याबद्दल सांगितलं. मास्तर पुढे झुकून ऐकत होते. बाईंनी त्यांना असं ऐकताना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"आणि मागे बसलेली मुलं?" त्यांनी एकदम विचारलं. "त्यांना नकाशा उलटा नाही का दिसत?"

"दिसतो सर."

"दिसू दे. उठून पुढे येतील. गावाला जाताना माणूस वळतो, गाव थोडंच वळतं?"

भूगोलवाल्याने बाईंकडे पाहिलं. हे वाक्य प्रबंधात जसंच्या तसं होतं. दारात उभ्या असलेल्या नणंदेने बाईंचा दंड घट्ट धरला, आणि बाईंना वाटलं, आता, आता आठवेल.

"छान विषय आहे," मास्तर म्हणाले. "फार छान. लागा कामाला." मग ते थोडे घुटमळले. काहीतरी राहून गेल्यासारखं त्यांनी खोलीभर पाहिलं. भिंत, खिडकी, बहीण, आणि मग नजर बाईंवर येऊन थांबली. ते खुर्चीत सावरून बसले आणि परक्या माणसाशी बोलावं तसे अदबीने म्हणाले,

"बाई, यावर आधी कुणी काम केलंय का?"

नणंदेचा हात सुटला. भूगोलवाला खाली बघू लागला.

"केलंय," बाई म्हणाल्या. "एकाने केलंय. चांगलं केलंय."

"मग यांना ते आधी वाचायला हवं. मिळेल का इथे?"

"मिळेल."

"त्रास नसेल तर आणून देता का?"

"त्रास कसला," बाई म्हणाल्या. "बसा तुम्ही. आणते."

त्या वळून आत गेल्या. आत स्वयंपाकघर होतं. पाहुण्यासाठी ठेवलेलं चहाचं पाणी उकळून निम्मं झालं होतं. बाईंनी गॅस बंद केला, पदर नीट केला आणि बाहेरून कुणी हाक मारीपर्यंत ओट्याला हात टेकून तिथेच उभ्या राहिल्या.